मावशींचा खोकला

पत्राचा सारांश

पत्रलेखिका डोंबिवलीत राहतात. घरात नवरा, सासूबाई आणि दहा महिन्यांची मुलगी. मुलगी रांगायला लागल्यापासून त्या रोज फरशी पुसायच्या पाण्यात अंदाजाने ब्लीच ओततात, संडास-बाथरूमलाही तेच. गेल्या आठवड्यात घरकामाच्या मावशींनी संडासात आधी टॉयलेट क्लीनर फिरवला, तो धुऊन न टाकताच वरून ब्लीच ओतलं आणि घासायला बसल्या. पावसाचं पाणी आत येतं म्हणून बाथरूमच्या खिडकीला प्लास्टिक लावलेलं आहे. पाचेक मिनिटांत मावशी खोकत बाहेर आल्या. डोळे लालभडक, बराच वेळ नीट बोलता येईना. पुढचे दोन दिवस त्या कामाला आल्या नाहीत. तेव्हापासून घरात रोज वाद. नवरा म्हणतो, हे विष बाहेर फेका, व्हिनेगर आणि सोडा वापरा. सासूबाई म्हणतात, आम्ही आयुष्यभर ॲसिडने संडास घासले, काही झालं नाही. अमेरिकेतली नणंद म्हणते, ब्लीचशिवाय जंतू मरतच नाहीत, इथे घरोघरी वापरतात. पत्रलेखिकेचा प्रश्न: "बाळ असलेल्या घरात ब्लीच सुरक्षित आहे की नाही, ताई? एका वाक्यात सांगा."

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

एका वाक्यात मागितलंत, तर आधी ते वाक्य घ्या. ब्लीच साध्या गार पाण्यात मोजून पातळ केलेलं, दुसऱ्या कशातही न मिसळलेलं, खिडकी उघडी ठेवून आणि खरंच गरज असेल तेव्हाच वापरलं, तर बाळ असलेल्या घरातही चालतं. रोज फरशी पुसायला त्याची गरज नाही.

आता जरा सविस्तर बोलू. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात बाळाच्या गुडघ्यांचा, हातांचा, तोंडात जाणाऱ्या बोटांचा उल्लेख चार वेळा आहे, आणि आईच्या पत्रात तो असणारच. पण त्या घरात ब्लीचचा त्रास आजवर एकाच माणसाला झालाय, आणि ते माणूस म्हणजे मावशी. दोन दिवसांनी त्या परत आल्या, एवढं तुम्ही लिहिलंत. खोकला गेला का, रात्री झोप लागते का, जिना चढताना दम लागतो का, डॉक्टरांना दाखवलं का, यातलं काहीच पत्रात नाही. तुम्हाला काळजी नाही असं मी म्हणत नाही, नसती तर तुम्ही पत्रच लिहिलं नसतं. पण उद्या त्या आल्या की पहिलं हेच विचारा. अजून छातीत घरघर किंवा दम असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा आणि काय काय एकत्र झालं होतं ते डॉक्टरांना नीट सांगा. नुसतं "खोकला आहे" म्हटलं तर पावसाळ्यातला खोकला म्हणून औषध मिळेल आणि खरं कारण राहून जाईल.

मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. तुमच्या संडासात त्या दिवशी जे झालं, ते आम्ही प्रयोगशाळेत मुद्दाम करून दाखवत असू, तेही धूर ओढून घेणाऱ्या बंद कपाटात आणि अगदी थोड्या प्रमाणात. बाजारातलं द्रव ब्लीच म्हणजे पाण्यात विरघळलेलं सोडियम हायपोक्लोराइट. संडासाच्या बहुतेक क्लीनरमध्ये असतं हायड्रोक्लोरिक ॲसिड. ही दोन एकमेकांना भेटली की क्लोरीन वायू मोकळा होतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने समोरच्या खंदकांवर जो वायू सोडला, तो हाच. तुमच्या संडासात तयार झाला तो त्यामानाने अगदीच थोडा, पण चार बाय चारच्या बंद जागेत थोडाही पुरतो.

यात एक गोष्ट आहे जी बाटलीवर कुणी छापत नाही. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड असतो. तो वर जात नाही, खाली बसतो. आता मावशी कशा घासतात ते आठवून बघा. उकिडवं बसून, एक हात भांड्याच्या कडेवर, दुसऱ्या हातात ब्रश, तोंड भांड्यापासून हातभर अंतरावर. तुम्ही दारात उभं राहून "मावशी, तो कोपरा पण घ्या" म्हणालात, तर तुमच्या नाकाला जेमतेम उग्र वास येईल. तेवढ्याच वेळात त्यांच्या छातीत बरंच काही गेलेलं असेल. रांगणाऱ्या बाळाचं नाकही त्याच उंचीवर असतं, हेही इथेच सांगून ठेवते.

हे मी नुसतं पुस्तकातून सांगत नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवाळीची गोष्ट. बोअरच्या पाण्याने मोरीच्या शहाबादी फरशीवर पांढरे थर चढले होते, ते घालवायला ॲसिड टाकलं. थर सुटले, पण फरशी काळपटच दिसत होती, म्हणून वरून मूठभर ब्लीचिंग पावडर भुरभुरली. काय होणार हे मला पाठ होतं. आदल्याच महिन्यात वर्गात शिकवलं होतं. पण वर्गातली समीकरणं आणि मोरीतली फरशी या दोन गोष्टी डोक्यात कधी एकत्र आल्याच नव्हत्या. फोडणीत मिरची जळली की ठसका लागतो ना, तसंच पहिल्यांदा वाटलं. फरक इतकाच की मिरचीचा ठसका गॅलरीत आलं की थांबतो. हा थांबला नाही. घशाला आतून कुणी खरवडतंय असं रात्रभर वाटत होतं. म्हणून मावशींना "तुम्हाला एवढंही कळत नाही का" असं घरात कुणी म्हणालं असेल, तर त्यांना सांगा की शिकलेल्या बाईनेही तेच केलं होतं.

लोक हे मिसळतात का, याचं कारण मूर्खपणा नाही. दोन्ही बाटल्या अर्धं अर्धं काम करतात. पाण्यातले क्षार विरघळवायला ॲसिड लागतं; ब्लीचने थर हलत नाही. ब्लीच रंग घालवतं आणि जंतू मारतं. ॲसिडने तसा पांढरेपणा येत नाही. मग साहजिकच वाटतं, दोन्ही एकदम टाकू, दुप्पट स्वच्छ होईल. प्रत्यक्षात ब्लीचमधला कामाचा भाग वायू होऊन उडून जातो, म्हणजे काम कमी आणि त्रास जास्त. क्षार काढायचे असतील त्या दिवशी फक्त ॲसिडचा क्लीनर वापरा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. ब्लीच दुसऱ्या दिवशी. मध्ये एक रात्र जाऊ द्या, म्हणजे शंकाच नको.

आता तुमच्या नवऱ्याचं म्हणणं. बाटली फेका हे त्याला भीतीपोटी वाटलं, आणि भीती खरी आहे. पण "त्याऐवजी व्हिनेगर" यात मला वेगळाच धोका दिसतो. व्हिनेगर हेही ॲसिडच. लिंबूही ॲसिडच, आणि लिंबूसत्व तर त्याहून जोरदार. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं मनात बसलं, की एक दिवस उरलेल्या ब्लीचच्या बादलीत कुणीतरी वासासाठी लिंबाच्या साली टाकतं. तिथेही क्लोरीनच तयार होतो. २०२० मध्ये अमेरिकेत एका बाईने बातम्या ऐकून भाजी धुवायला सिंकमध्ये ब्लीच, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र केलं आणि तिला रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने ही घटना नोंदवली आहे. शिवाय व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र केले की फसफस छान होते, पण दोघं एकमेकांना निकामी करतात. मागे उरतं ते जवळपास खारट पाणी. वेगवेगळे वापरले तर दोन्ही उपयोगाचे आहेत: व्हिनेगर नळावरच्या पांढऱ्या डागांना, सोडा चिकट ओट्याला. जंतू मारण्यासाठी मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

सासूबाईंच्या "काही झालं नाही"बद्दल त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचं घर कसं होतं ते विचारा. संडास घराबाहेर किंवा चाळीच्या टोकाला, वर उघडी जाळी, दार खालून वीतभर आखूड. वायू झाला तरी वाऱ्यावर जायचा. आणि घरात एकच बाटली असायची. आज तुमच्या ओट्याखाली टॉयलेट क्लीनर, टाइल्सचा क्लीनर, फिनाइल, ब्लीच, काचेचा स्प्रे, ड्रेन मोकळा करायची पावडर, अशा सहा गोष्टी असतील आणि बाथरूमला खिडकी असून नसल्यासारखी. त्यांनी जे केलं ते त्यांच्या घरात निभावलं. आणि "काही झालं नाही" म्हणणाऱ्या पिढीतल्या किती बायकांना पन्नाशीनंतर दम्यासारखा खोकला होता आणि त्याचं कारण कुणी शोधलंच नाही, हे मी आमच्याच नात्यात पाहिलंय. सगळा दोष ॲसिडला मी देणार नाही. चूल होती, धूर होता. पण घर साफ करणाऱ्या बाईच्या फुप्फुसांकडे आपण कधी बघितलंच नाही, हे खरं.

तिकडे युरोपात ते बघितलं गेलं. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी ६,२३५ माणसांच्या श्वासाच्या चाचण्या सुमारे २० वर्षांच्या काळात पुन्हा पुन्हा घेतल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. घर स्वतः साफ करणाऱ्या आणि सफाईचं काम करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसांची क्षमता, सफाई न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा वेगाने घटत गेलेली दिसली. हे एकट्या ब्लीचबद्दल नाही, सफाईच्या सगळ्याच रसायनांबद्दल आहे. पण त्यातून मला कळतं ते असं की प्रश्न एका दिवसाच्या अपघातापुरता नसतो, रोज थोडं थोडं आत जातं त्याचाही असतो. तुमच्या मावशी किती घरी जातात? चार? पाच? तुमच्या घरी त्या ब्लीच हुंगतात दहा मिनिटं, पुढच्या घरी ॲसिड, त्याच्या पुढे आणखी काही. बेरीज त्यांच्या छातीत होते.

राहिल्या नणंदबाई. ब्लीचचा मान मोठा आहे, ते मी नाकारणार नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरने बाळंतिणींना तपासण्याआधी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतरच्या तापाने, मरणाऱ्या बायकांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आपल्याकडे गावोगावच्या विहिरी ज्या टीसीएल पावडरने, म्हणजे ब्लीचिंग पावडरने, शुद्ध करतात ती त्याच जातीची. २००५ च्या जुलैत मुंबईत, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पुराचं पाणी घरात शिरून ओसरलं, तेव्हा ब्लीचिंग पावडर लागलीच. पण "ब्लीचशिवाय जंतू मरतच नाहीत" हे खरं नाही, आणि "इथे सगळे वापरतात" म्हणून सगळे नीट वापरतात असंही नाही. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेतच ५०२ प्रौढांची पाहणी झाली. त्यातल्या ३९ टक्के लोकांनी ब्लीचने फळं-भाज्या धुणं, घरातलं जंतुनाशक अंगाला लावणं किंवा मुद्दाम हुंगणं यांसारखं काहीतरी धोक्याचं केल्याचं सांगितलं होतं. तेव्हा नणंदबाईंना आदराने ऐका आणि बादली आपल्या हिशेबाने भरा.

आता तो हिशेब.

रोजच्या फरशीला साबणाचं किंवा साध्या फ्लोअर क्लीनरचं पाणी आणि स्वच्छ पिळलेलं फडकं पुरतं. जंतू धुऊन बाहेर काढणं हे त्यांना जागच्या जागी मारण्याइतकंच कामाचं असतं. उलट मळक्या फरशीवर ब्लीच टाकलं तर ते आधी मळाशीच झुंजतं आणि तिथेच संपतं. जंतूंपर्यंत पोचायला काही उरतच नाही. म्हणून ब्लीच वापरायचं तेव्हाही आधी साबणाने धुणं, मग पाणी, मग ब्लीच, हाच क्रम. बाळाचे हात जेवणाआधी धुतलेत, बाहेरच्या चपला दाराशीच राहिल्या आणि पोछ्याचं फडकं रोज उन्हात किंवा वाऱ्यावर वाळलं, तर तुमच्या फरशीचं बरंचसं काम तिथेच झालं. पोछ्याचं ओलं फडकं बादलीत गोळा करून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी ब्लीच घालून त्यानेच घर पुसायचं, हे अनेक घरांत चालतं. त्यापेक्षा दोन जादा फडकी बाळगा.

ब्लीच काढायचं कधी? घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले, तेव्हा. पोटाच्या काही विषाणूंवर हाताचा सॅनिटायझर नीट चालत नाही, ब्लीच चालतं. कच्चं मटण किंवा मासे कापलेल्या पाटावर, धुतल्यानंतर. रक्त सांडलं असेल तर. घरात तुंबलेलं किंवा गटाराचं पाणी आलं असेल तर. आणि संडासाला आठवड्यातून एकदा, हवं असल्यास. बाकी दिवस बाटली बंद.

किती घालायचं, हे बहुतेकजण बाटली वाकडी करून ठरवतात. लेबल वाचा. सोडियम हायपोक्लोराइट साधारण ५ टक्के असं लिहिलेलं असेल, तर एक लिटर पाण्याला २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार सपाट चमचे. त्याने ०.१ टक्क्याचं पाणी होतं; करोनाच्या काळात घरातल्या पृष्ठभागांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने हेच प्रमाण सांगितलं होतं. अर्ध्या बादलीसाठी बाळाच्या औषधाच्या बाटलीवरचं माप घ्या, पण ते ब्लीचसाठीच वेगळं ठेवा, त्यावर मार्कर पेनने फुली मारा आणि औषधांच्या कप्प्यात परत नेऊ नका. पाणी गारच. गरम पाण्यात ब्लीच लवकर फुकट जातं आणि वाफेबरोबर नाकात जास्त जातं. आधी पाणी, मग त्यात ब्लीच, म्हणजे अंगावर उडालं तरी पातळ उडेल. पुसल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याचं फडकं फिरवा, वाळू द्या, मग बाळाला सोडा. तुमच्या मनात आहे ती शंका, की फरशीवर उरलेलं ब्लीच बाळाच्या पोटात जाऊन साचेल, ती सोडून द्या. ते साचत नाही. विघटन होऊन मुख्यतः मिठासारखे क्षार उरतात. पातळ केलेलं पाणी त्याच दिवशी वापरून टाका, उद्यापर्यंत त्याचा जोर जातो. बाटलीही ऊन लागेल अशा खिडकीत नको.

बाळाच्या दुपट्यांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण ही चूक बाळाच्या घरीच होते. शीची-शूची दुपटी बादलीत टाकून त्यावर थेट ब्लीच ओतू नका. लघवीतल्या अमोनियासारख्या घटकांशी ब्लीचचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाचे वायू निघतात; डोळे-नाक चुरचुरतं ते त्यांनीच. आधी साध्या पाण्यातून दोनदा काढा. रांगणाऱ्या पोरीचं दुपटं पांढरंशुभ्र असायलाच हवं असंही काही नाही; साबण आणि ऊन पुरे. पावसाळ्यात ऊन नसेल तर गरम पाण्यात उकळून काढलं तरी झालं, ब्लीच न घालता. अंथरुणात लघवी होणारं म्हातारं माणूस घरात असेल, तर तीच काळजी चादरींबाबत आणि संडासाबाबतही: आधी फ्लश, आधी पाणी, मगच ब्लीच.

हातमोजे रबरी हवेत. बोटांना ब्लीच बुळबुळीत लागतं ना, तो त्याचा गुण नाही. ते अल्कलीधर्मी असल्यामुळे कातडीवरचं तेल साबणासारखं होत असतं. तोंडाला कापडी मास्क किंवा ओढणी बांधली की सुरक्षित, असं मावशींना कुणी सांगितलं असेल तर तो समज काढून टाका. मास्क धूळ अडवतो, वायू नाही. वायूला उपाय उघडी खिडकी आणि चालू पंखा.

तरीही कधी चुकून मिसळलं गेलं, तर? साफ करत बसू नका. भांड्यात पाणी ओतून "थोडं पातळ करते" असा विचारही नको. बाहेर या, दार उघडं टाका, बाळाला घेऊन गॅलरीत किंवा जिन्यात जा, एक्झॉस्टचं बटण बाहेर असेल तर लावा. मोकळ्या हवेत खोकला थांबत नसेल, दम लागत असेल, तर १०८ ला फोन करा. सुरुवातीला बरं वाटून काही तासांनी त्रास वाढू शकतो, म्हणून त्या रात्री त्या माणसाला एकटं ठेवू नका. डोळ्यात उडालं तर नळाखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं, घड्याळ बघून, कारण त्या वेळी दोन मिनिटंही खूप वाटतात. पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची आपल्याकडची पद्धत इथे घातक आहे: जाताना घसा पोळतो, येताना परत पोळतो. लिंबू-ताकही नको. चूळ भरायला लावा, बाटली बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती चोवीस तास फोनवर देणारं राष्ट्रीय केंद्र आहे. त्याचा नंबर आजच शोधून फ्रिजवर चिकटवा, गरज पडेल त्या मिनिटाला शोधत बसू नका.

बाटल्यांबद्दल एक मात्र मी तुम्हाला हट्टाने सांगणार आहे. दारावर येणाऱ्या माणसाकडून सुटं ॲसिड, सुटं फिनाइल, पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घेणं आजच बंद करा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, तरी गल्लीबोळातून ते मिळतंच. त्या बाटलीवर नाव नसतं, म्हणजे कशात काय मिसळू नये हे कुणालाच कळत नाही. आणि तुमची मुलगी वर्षभराची झाली की ती ओळखीच्या आकाराची बाटली उचलून तोंडाला लावेल. ओट्याखालच्या कप्प्यातून हे सगळं काढा आणि कडी लागेल अशा उंच कपाटात ठेवा, ब्लीच आणि ॲसिड वेगवेगळ्या फळ्यांवर.

आता मावशींशी बोलायचं ते. "हे मिसळू नका" एवढं सांगून भागणार नाही, कारण दोन बाटल्यांची लेबलं बहुधा इंग्रजीत आहेत आणि अक्षरं मुंगीएवढी. रंगीत चिकटपट्टी घ्या. ब्लीचला निळी, ॲसिडवाल्या क्लीनरला लाल. निळी आणि लाल एका दिवशी वापरायची नाही. हे त्यांना सांगा, सासूबाईंना सांगा, नवऱ्यालाही सांगा, कारण एखाद्या रविवारी संडास त्यालाही घासावा लागेल, आणि का लागू नये? मावशींना असंही सांगा की घाई असेल तर संडास उद्या झाला तरी चालेल. बहुतेक वेळा दोन बाटल्या एकदम पडतात त्या घाईत, पुढच्या घरची बाई फोन करत असते म्हणून. आणि त्यांना विचारा की त्यांना काय वापरायला सोपं जातं, कशाचा त्रास होतो, कोणत्या घरी काय देतात. मी एकदा आमच्याकडच्या सखूबाईंना हे विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आजवर कुणी विचारलं नाही, बाई." त्यांनी मग पदराआडून हात पुढे केला, बोटांच्या पेरांवरची कातडी सोलून गुलाबी झाली होती. मी हातमोजे आणून दिले होते ते त्यांना दोन मापं मोठे होत होते, म्हणून त्या घालत नव्हत्या. मला वाटत होतं, त्या आळस करतात. मावशींच्या हाताचं माप विचारून मोजे आणा.

त्या दोन दिवसांचा पगार तुम्ही कापला असेल, असं मला वाटत नाही. पण घरात तसं कुणाच्या मनात आलं असेल, तर ते होऊ देऊ नका. आजारपण तुमच्या घरात, तुमच्या बाटल्यांनी आलं. डॉक्टरांचे पैसेही तुम्हीच द्या.

आणि ती खिडकी. पाऊस आत येतो म्हणून प्लास्टिक लावलंय, ते समजतं. डोंबिवलीतला पाऊस मी पाहिलाय. पण वर एक तिरकी पत्र्याची झडप बसवली तर पाणी अडतं आणि हवा जाते. फॅब्रिकेशनवाला तासाभरात बसवून देईल. तोवर ज्या दिवशी संडास धुवायचा असेल त्या दिवशी प्लास्टिक काढा, फरशीवर दोन थेंब पडले तर पडू देत. बाळ आणि सासूबाई त्या वेळी पुढच्या खोलीत. मावशींना म्हणावं, मध्ये दोनदा उठून बाहेर या, पाणी प्या, मग पुन्हा बसा.

मावशींना डॉक्टर काय म्हणाले, ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई